सत्तेचाळीस नंबरचा ठसा

माझे वडील सत्तेचाळीस नंबरचे होते. घरात आई त्यांना 'अहो' म्हणे, शेजारीपाजारी 'सातपुतेजी' म्हणत, कराडहून येणाऱ्या पत्रांत ते 'चि. वसंत' असत, पण कारखान्यात ते सत्तेचाळीस. जाड पोलादी पत्रे जोडणाऱ्या प्रत्येक वेल्डरला तिथे एक ठसा मिळायचा. बोटाएवढा लांब, टोकाला उलटा कोरलेला आकडा. जोड पुरा झाला की त्याच्या शेजारी ठसा टेकवायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा. मग तो जोड कुठल्याही धरणावर, कुठल्याही वीजघरात जाऊन बसला तरी आकडा त्याच्याबरोबर जायचा आणि वीस वर्षांनी जोड तडकला तर कुणाला बोलवायचं ते तिथेच लिहिलेलं असायचं. "चित्रकाराची सही कौतुकासाठी असते," बाबा म्हणत, "आमची पकडायला सोपं जावं म्हणून असते."

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या घराघरांत असे आकडे होते. कुणाकडे बारसं असलं, सत्यनारायण असला की क्वार्टरांच्या साऱ्या ओळीतली पातेली, पराती, झारे तिथे जमा होत आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं काय यावरून गोंधळ होई. बाजारात भांड्यांवर नाव घालून देणारा बसायचा, पण वेल्डरांच्या घरी तेवढी गरज नव्हती. एखाद्या संध्याकाळी ठसा जेवणाच्या डब्यातून घरी यायचा, भांड्यांवर उमटायचा आणि सकाळच्या पाळीला परत जायचा. गेटवरच्या शिपायांना हे ठाऊक होतं. त्यांच्याही घरच्या परातींवर कुणाचा ना कुणाचा आकडा होता. आमच्या प्रत्येक भांड्यावर सत्तेचाळीस होतं. शेजारच्या इनामदार काकू पातेलं परत द्यायला आल्या की दारातूनच म्हणत, "सत्तेचाळीस, घ्या तुमचं."

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. सकाळी भोंगा व्हायचा आणि पाठोपाठ रस्त्यावर सायकलींचा असा लोंढा यायचा की पाच मिनिटं रस्ता ओलांडता येत नसे. नुसत्या चेनींची करकर आणि घंट्या. मग एकदम शांतता. त्या शांततेत आई दुसरा चहा घ्यायची. ती उज्जैनची. पोह्यांत बडीशेप घालायची आणि वरून जीरावन मसाला भुरभुरायची. बाबांनी पहिल्यांदा ते खाल्लं तेव्हा विचारलं होतं म्हणे, "ह्यात औषध पडलंय का?" तिच्या बोलण्यात हिंदी इतकं मुरलेलं होतं की ती "बाद मध्ये बघू" आणि "मी तर थकून गेली" असं सहज म्हणून जाई. बाबा तिला चिडवत. तरीही मराठी मंडळाचा रविवारचा वर्ग तिच्याकडेच होता, कारण व्याकरणाची परीक्षा पास झालेली टाउनशिपमध्ये ती एकटी. वर्गात शिरली की तिची भाषा बदलायची, जशी बाबांची कारखान्यात चाल बदलायची.

वर्ग मंडळाच्या सभागृहात, सतरंजीवर. आम्ही सगळी हिंदी शाळेत जाणारी मुलं. आईची पद्धत अशी की एका रविवारी एकच शब्द घ्यायचा, त्याचं सगळं गोत गोळा करायचं आणि प्रत्येकाचं वाक्य टाउनशिपमधल्याच माणसावर करायचं. पुस्तकातलं वाक्य चालत नसे. त्या पावसाळ्यात एकदा तिने फळ्यावर 'कीर्ती' लिहिलं. मुलं ओरडू लागली. यश. नाव. लौकिक. प्रसिद्धी. ख्याती. कुणीतरी 'गाजावाजा' म्हटलं, तेही आईने लिहिलं. मग मी 'बदनामी' म्हटलं. पोरं हसली, पण आईने तो शब्दही फळ्यावर घेतला, म्हणाली, "तीही याच घरातली. वेगळं जेवायला बसते एवढंच." मग वाक्यं सुरू झाली. इनामदार काकूंच्या चकल्यांचा गाजावाजा झाला. दूधवाल्याची पाण्यासाठी ख्याती आहे. आईने ते वाक्य बरोबर दिलं आणि घरी बोलायचं नाही अशी ताकीदही दिली. लौकिकाला मात्र कुणाचं नाव सापडेना. एका मुलाने पंतप्रधान सुचवले, तर आई म्हणाली, "टाउनशिपमधला सांग. लौकिक लांबून मोजता येत नाही. रोज ज्यांच्याशी गाठ पडते त्यांना विचारायचा असतो."

मला तेव्हा लौकिकाचं काही पडलेलं नव्हतं, मला चषक हवा होता. मंडळाच्या गणेशोत्सवात वक्तृत्व स्पर्धा असायची. जिंकणाऱ्याचं नाव चषकावर कोरून तो काचेच्या कपाटात ठेवत आणि ते कपाट सभागृहाच्या दाराशीच होतं, येता-जाता दिसेल असं. आदल्या वर्षी मी भाषण अर्ध्यात विसरले होते आणि सगळ्यांसमोर आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिले होते. या वर्षीचा विषय आईच्याच वर्गातून उचललेला: कीर्ती. मी बारा वर्षांची होते. बारा वर्षांच्या मुलीला पराभव जितका लागतो तितका पुढे कधी लागत नाही. मला तरी लागलेला नाही.

विषय जाहीर झाला त्याच आठवड्यात एका दुपारी बाबा पाळी संपायच्या सुमारास नफीस चाचांच्या सायकलच्या कॅरियरवर बसून घरी आले. डोळ्यांवर ओला रुमाल. मला वाटलं अपघात. "कुछ नहीं बिटिया, झलक लग गई," चाचा म्हणाले. शेजारी कुणी अचानक वेल्डिंगचा रॉड पेटवला आणि काच चेहऱ्यावर नसली की तो प्रकाश डोळ्यांना भाजून काढतो. आधी काही जाणवत नाही, तासाभराने डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. आईला सवय होती. तिने बटाट्याच्या चकत्या केल्या, बाबांना आडवं केलं आणि दोन्ही डोळ्यांवर त्या ठेवल्या. चकत्या गरम झाल्या की बदलायच्या, हे माझं काम. चाचा उंबऱ्याशी बसून चहा प्यायले. ते शहरातल्या जहांगीराबादेत राहायचे, रोज सायकलने येत. बाबांच्याच शॉपमध्ये, कारखान्याच्या त्याच विभागात, ग्राइंडर चालवायचे, म्हणजे वेल्डरने जोड भरला की वरचा उंचवटा घासून सपाट करायचा. पंधरा वर्षं हेच. निघताना ते एवढंच म्हणाले, "सातपुते भाई, फिकर मत करना. बैठ गया है." मला वाटलं डोळ्यांबद्दल बोलताहेत.

पुढच्या आठवड्यात बातमी आली. टर्बाइनच्या एका मोठ्या कवचावरच्या जोडाचा एक्स-रे काढला होता आणि त्यावर एक डाग नव्हता. वीजमंडळाकडून आलेल्या तपासनीसाने फिल्म उजेडासमोर धरली, उलटी केली, पुन्हा धरली आणि विचारलं, हा सत्तेचाळीस कोण. हे सांगताना आमच्या ओळीतले लोक प्रत्येक वेळी तपासनीसाला थोडा जास्त वेळ फिल्म बघायला लावत. विश्वकर्मा पूजा आठ दिवसांवर होती. त्या दिवशी कामगारांची बायका-मुलं शॉपमध्ये येऊ शकत, आणि त्या दिवशी मोठ्या साहेबांच्या हस्ते बाबांना शाल द्यायची, शॉपच्या दारावरच्या 'इस माह के श्रेष्ठ कामगार' या पाटीखाली फोटो लावायचा, असं ठरलं. फोटोसाठी बाबांना बाजारातल्या स्टुडिओत पाठवलं. स्टुडिओवाल्याने आपल्याकडचा कोट चढवला, जो बाबांच्या मनगटापाशी दोन इंच आखूड होता, म्हणून हात पाठीमागे घ्यायला लावले. फोटोत बाबा अटक झाल्यासारखे दिसतात.

माझं भाषण तयारच झालं. सुरुवात अशी होती: कीर्तीचा आकडा किती? माझ्या घरी तो सत्तेचाळीस आहे. मी ते आरशासमोर म्हणायची, पेरूच्या झाडासमोर म्हणायची. शाळेत मुली विचारू लागल्या, "तेरे पापा की फोटो लगेगी ना?" भाजीवाली कोथिंबीर जास्त द्यायला लागली. घरात जेवताना बाबांचं मात्र ताटात लक्ष नसे. आईला वाटलं डोळे अजून दुखताहेत.

रविवारी सकाळी नफीस चाचा आले, जिलबीचा पुडा घेऊन. आईने पोहे केले होते. चाचा खूश होते, अगदी मनापासून. बाबांनी पुडा उघडला नाही. म्हणाले, "मियां, मैं कल मिश्राजी को बता रहा हूं." मिश्राजी म्हणजे त्यांचे फोरमन. चाचांचा हात ताटलीतच थांबला. मग जे बोलणं झालं त्यातून मला आणि आईला कळलं ते असं. तो जोड जेमतेम पाव भरला असताना बाबांना झलक लागली होती. जाड पत्रा आधी तापवून घेतात. जोड मध्येच सोडला तर निवताना तो आतून तडकतो आणि महिनाभराचं काम भंगारात जातं. बाबांना समोरचा हात दिसत नव्हता. खरं तर त्यांनी तिथल्या तिथे फोरमनला बोलवायला हवं होतं, पण त्याला शोधून दुसरा वेल्डर आणेपर्यंत पत्रा निवला असता. त्यांनी रॉडचा होल्डर चाचांच्या हातात दिला. चाचांकडे वेल्डरचा परवाना नव्हता, नंबर नव्हता. उरलेला सगळा जोड, म्हणजे जवळजवळ चारातले तीन भाग, चाचांनी भरला. शेवटी बाबांनी डोळे मिटूनच ठसा धरला, चाचांनी त्यांचं मनगट धरून तो जागेवर नेला आणि बाबांनी हातोडी मारली.

"तो क्या हुआ खां," चाचा म्हणाले. समोरच्या कुणालाही ते 'खां' म्हणत. "बिगड़ता तो गर्दन आपकी जाती. बन गया तो शाल भी आपकी. सीधी बात है."

"सीधी नहीं है. तो तपासनीस लिहून गेलाय, पुढचं कवच पण सत्तेचाळीसकडूनच करून घ्या म्हणून." बाबा घाईत मराठीवर येत आणि चाचांना ते कळे. "उससे भी मोटा प्लेट. मेरा हाथ वैसा नहीं है, मियां. मैं अच्छा वेल्डर हूं. पण असा नाही. मुझे मालूम, तुमको मालूम. प्लेट को भी मालूम पडेगा."

"और मेरे को गेट के बाहर कर देंगे, वो?"

हाच प्रश्न बाबांना खात होता. म्हणूनच आठवडाभर त्यांचं ताटात लक्ष नव्हतं. आणि याच वेळी मी, जिचं तोपर्यंत तिथे असणं कुणाच्या ध्यानात नव्हतं, विचारलं, "मग माझ्या भाषणाचं काय?" ते वाक्य आठवलं की आजही मला ताटाखाली लपावंसं वाटतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पण रागावले नाहीत. त्यांना बहुधा एवढंच जाणवलं की या घरात शाल हवी असणारं एक माणूस आहे.

आई कढई घासत होती. ती मागे न वळता म्हणाली, "भाईसाब, एक बात बताइए. आपको अपना नंबर चाहिए कि नहीं?"

चाचांनी ताटली खाली ठेवली. मग म्हणाले, "पंद्रह बरस से घिस रिया हूं भाभी. सबका माल देखा है, किसका कहां कच्चा है, अंदर तक देखा है. तीन बार अर्जी लगाई. हर बार बोलते हैं स्कूल का कागज लाओ. चाहिए क्यों नहीं."

"तो आपके पास आज एक ही कागज है. वो फिल्म. ह्यांनी शाल घेतली की तो कागज सत्तेचाळीसच्या नावावर गेला. फिर चौथी अर्जी में क्या लगाएंगे?"

पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होते. चाचांनी जिलबीचा पुडा स्वतःच उघडला, एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "भाभी, आप कारखाने में होतीं तो हम सब घर बैठते." मग बाबांना म्हणाले, "कल कितने बजे?"

मी पुढे रुग्णालयात एक्स-रे विभागात गेले आणि चौतीस वर्षं तिथेच काढली. आमच्याकडे फिल्मच्या कोपऱ्यात ती काढणाऱ्याची खूण पडते. डॉक्टरचं नाव पेशंटला माहीत असतं, आमची खूण फक्त फिल्म वाईट आली तर कुणीतरी शोधतं. नव्या मुली तक्रार करतात की या कामात नाव होत नाही. मी त्यांना कसलंही व्याख्यान देत नाही. पुढची फिल्म लावायला सांगते. पण त्या रविवारी मी जिलबी खाल्ली नाही, खोलीत जाऊन भाषणाचा कागद फाडला, आणि मला तेव्हा बाबांचा, आईचा आणि नफीस चाचांचा, तिघांचाही राग आला होता, हेही इथे लिहून ठेवायला हवं.

सोमवारी काय झालं ते बाबांनी जेवताना सांगितलं. मिश्राजींनी सगळं ऐकून घेतलं, उठले, टॉर्च घेतला आणि दोघांना कवचापाशी घेऊन गेले. ठशावर उजेड टाकला. आकडा किंचित कलंडलेला होता. "मुझे उसी दिन खटका था," ते म्हणाले. "सैंतालीस कभी टेढ़ा नहीं पड़ता." मग परत टेबलाशी येऊन त्यांनी हात पुढे केला आणि बाबांनी ठसा त्यांच्या हातावर ठेवला. सहा महिने वेल्डिंग बंद. तोपर्यंत ग्राइंडर चालवायचा, चाचांचाच. चाचांना चौकशी होईपर्यंत शॉपमध्ये यायला मनाई. रोज सकाळी येऊन गेटजवळच्या ऑफिसात बाकावर बसायचं आणि पाळी सुटली की जायचं. "जोड चांगला होता म्हणून नोकरी राहिली," बाबा म्हणाले, "पण चाचांचं अजून काही सांगता येत नाही." आईने त्यांना आणखी आमटी वाढली. त्या रात्री ते नीट जेवले.

फोटोच्या पाटीवर रंगाऱ्याने आधीच 'वेल्डर क्रमांक ४७' असं लिहिलं होतं. घाईघाईने त्यावर पांढरा रंग मारला, पण तो पातळ बसला. विश्वकर्मा पूजेला आम्ही शॉपमध्ये गेलो तेव्हा दारावर रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली पांढऱ्यातून सत्तेचाळीस डोकावत होतं. येणारा प्रत्येक जण आधी चौकट बघे, मग आम्हाला. शाल कुणालाच दिली नाही. टाउनशिपमध्ये तोपर्यंत निरनिराळ्या गोष्टी पसरल्या होत्या. एक अशी की बाबांनी रॉड चोरून विकले. एक अशी की बाबांनी तपासनीसाला जेवू घातलं होतं. इनामदार काकू आईला म्हणाल्या, "सातपुत्यांनी उगाच तोंड उघडलं बाई. शाल घ्यायची, घरी यायचं." फळ्यावरचे सगळे शब्द पंधरा दिवसांत ओळीने आमच्या घरी येऊन गेले. गाजावाजा आधी आला, प्रसिद्धी त्याच्या मागे, आणि मी ज्याच्यावर हसू मिळवलं होतं तो शब्द सगळ्यांत जास्त दिवस राहिला. शाळेत मी मधल्या सुट्टीत वर्गातच बसू लागले.

पूजेचा प्रसाद वाटून झाल्यावर बाबा मला कवचापाशी घेऊन गेले. ते आमच्या क्वार्टरहून उंच होतं, अर्ध्या कापलेल्या प्रचंड हंड्यासारखं. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद, त्यांना हार घातलेले, त्यामुळे एवढ्या मोठ्या जागेत आमचे आवाज घुमत होते. बाबांनी आतल्या बाजूचा, अजून न घासलेला जोड दाखवला. "हात लाव," म्हणाले. बारीक बारीक चंद्रकोरी एकीवर एक, माशाच्या खवल्यांसारख्या, सगळ्या सारख्या, कुठे तुटलेल्या नाहीत. एका ठिकाणी बाबांनी बोट ठेवलं. "इथपर्यंत मी." पुढे बोट सरकवलं. "इथून चाचा." मला फरक दिसला. वेल्डिंगमधलं काहीही न कळणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला तो दिसला. बाबांच्या ओळी चांगल्या होत्या. चाचांच्या ओळी जणू कुणी श्वास न घेता काढल्या होत्या. "पंधरा वर्षं हा माणूस आमच्या चुका घासत होता," बाबा म्हणाले, "आणि आम्ही त्याला रोज विचारत होतो, मियां, चाय लाए क्या." स्वतःच्या कामाकडे ते असं कधी बघत नसत.

स्पर्धेला मी जाणार नव्हते. आई म्हणाली, "नाव दिलंय ना? मग उभी राहा. काय बोलायचं ते तुझं तू बघ." कागद फाडलेला होता, पाठ केलेलं निरुपयोगी होतं. मी उभी राहिले आणि घडलं ते सांगितलं, झलक लागण्यापासून कवचावरच्या ओळींपर्यंत. रॉड चोरल्याची गोष्ट खोटी आहे हेही सांगितलं, जरा जोरात. घंटा वाजली तरी थांबले नाही. सभागृहात मागे शॉपमधली चार-पाच मराठी माणसं बसली होती, ती चुळबुळ करत होती. त्यांच्यापैकी काहींच्या जोडांवरून चाचांचा ग्राइंडर फिरलेला होता. मला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं नाही. परीक्षकांचं म्हणणं पडलं की स्पर्धक विषय सोडून बोलली आणि वेळ पाळली नाही. चषकावर इनामदारांच्या मुलीचं नाव आलं. तिने खरंच चांगलं भाषण केलं होतं. मी मात्र या वेळी काही विसरले नव्हते, आणि घरी येताना इनामदार काकू आईशेजारून चालत होत्या. आपल्या दाराशी आल्यावर म्हणाल्या, "रॉडचं मीही बोलले होते एकदोघींकडे. आता नाही बोलणार." दुसऱ्या दिवशी एक वाटी चकल्या आल्या.

मिश्राजी कडक होते, गोड बोलणारे अजिबात नव्हते, पण त्यांनी एक काम केलं. चाचांच्या चौथ्या अर्जाला शाळेच्या कागदाच्या जागी त्या फिल्मचा क्रमांक आणि तपासनीसाचा शेरा जोडला आणि वर पाठवला. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दिवाळी उलटली. तोपर्यंत चाचा बाकावरून उठून शॉपमध्ये परतले होते. एका वेळी एकच ग्राइंडर, म्हणून आळीपाळीने ते आणि बाबा तो चालवायचे. चाचा बाबांना शिकवायचे म्हणे, "खां, दबाओ मत, चलने दो." मग परीक्षा झाली. चार पत्रे, चार जोड, त्यांतला एक मान वर करून डोक्यावर भरायचा. बाबा पलीकडच्या बाजूला मुद्दाम जोरात ग्राइंडर चालवत राहिले, कारण उभं राहून बघवत नव्हतं. चारही फिल्म स्वच्छ आल्या.

संक्रांतीच्या संध्याकाळी आई तिळाचे लाडू वळत होती आणि मी डब्यात भरत होते. चाचा आले. नेहमीसारखे उंबऱ्याशी बसले नाहीत, सरळ स्वयंपाकघराच्या दारात आले. जेवणाचा डबा उघडला, वरची रोटी उचलली, आणि खालून कापडात गुंडाळलेला ठसा काढला. नवा, अजून तेल लावलेला. एकशे बारा.

बाबांनी कपाळाला हात लावला. "मियां, आजच मिळाला आणि आजच गेटबाहेर आणला?"

"सुबह वापस जाएगा. भाभी, कोई बर्तन दो. पहला ठप्पा इधर ही लगेगा."

आईने हात पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि लाडवांच्या डब्याचं झाकण पुढे केलं. त्याच्या मध्यावर आमचं सत्तेचाळीस होतं. बाबांनी लोखंडी खल उपडा घातला, त्यावर झाकण धरलं. चाचांनी ठसा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. त्यांनी हातोडी मारली. बाबांनी झाकण उजेडात धरून पाहिलं आणि मिश्राजींच्या आवाजात म्हणाले, "टेढ़ा पड़ा."

"पहला है खां," चाचा म्हणाले. "कल से सीधा पड़ेगा."

आईने झाकण धुतलं, पुसलं, डब्यावर लावलं आणि लाडवांसकट डबा त्यांच्या हातात दिला. "झाकणासकट परत आणा," म्हणाली. ईदला तो शेवया घेऊन परत आला. मग लाडू घेऊन गेला. पुढे बाबा गेले, चाचा गेले, आई गेली, आम्ही टाउनशिप सोडून अयोध्या नगरला राहायला आलो, पण डब्याचं जाणं-येणं थांबलं नाही. सध्या तो चाचांच्या मुलीकडे, शबनमकडे, आनंद नगरला आहे. संक्रांत आठ दिवसांवर आलीय आणि या वेळी परत करायची पाळी तिची आहे. मी काल तीळ आणून ठेवले. उद्या तिला फोन करून आठवण करून देणार आहे.